भोवऱ्यात जाळं टाकण्याआधी

कागद-पेन्सिल घ्या आणि आधी एक हिशेब करा. दोन मिलिमीटर लांबीचा एक कोपेपॉड (समुद्रात तरंगणारा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला बारीक जीव) सेकंदाला स्वतःच्या लांबीइतकं अंतर पोहतो असं धरा. तासाला 7 मीटर, दिवसभरात जेमतेम 170 मीटर. आता समुद्रातला एखादा मध्यम भोवरा घ्या. शंभर-दीडशे किलोमीटर रुंद, पाणी सेकंदाला 30 ते 50 सेंटिमीटर वेगानं गोल फिरतंय. आडव्या दिशेत पाणी या प्राण्याच्या दीडशे ते अडीचशे पट वेगानं पळतं, तिथे बिचाऱ्याचं काही चालत नाही. पण त्याच भोवऱ्यात पाणी वर किंवा खाली सरकतं ते दिवसाला काही मीटर, फार तर काही दहा मीटर. उभ्या दिशेत आपला कोपेपॉड पाण्याला सहज मागे टाकतो.

या लेखात पुढे जे काही आहे ते सगळं या दोन ओळींच्या हिशेबातून निघतं. प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे असे प्राणी, आडवं वाहतं, पण उभं पोहतं. कोणत्या खोलीवर राहायचं हे ते स्वतः ठरवतं, आणि त्या खोलीवरचा प्रवाह त्याला कुठे न्यायचं ते ठरवतो. म्हणून भोवऱ्यात प्राणिप्लवक कसं पसरलंय हे मोजायला निघालात, तर 'कुठे' या प्रश्नाला 'किती खोल' आणि 'किती वाजता' हे दोन प्रश्न कायमचे चिकटलेले असतात.

मी बावीस वर्षं संशोधन जहाजांच्या डेकवर प्लवकाची जाळी खाली-वर करत आले आहे. शोधनिबंधांवर नावं दुसऱ्यांची असतात, वास माझ्या कपड्यांना असतो. पहिल्यांदा सफरीवर निघालेली मुलं जे प्रश्न विचारतात आणि ज्या चुका करतात (त्यातली सगळ्यात मोठी मी स्वतः केली आहे, सांगते पुढे), ते डोळ्यासमोर ठेवून हे लिहितेय.

भोवरा शोधणं

सुरुवात उपग्रहाच्या रंगीत, हिरव्या-निळ्या चित्रापासून करू नका. ते चित्र दिसायला सुंदर असतं, पण ते फक्त वरच्या पाण्यातलं हरितद्रव्य दाखवतं, आणि ढग आले की तेही नाही. समुद्रपृष्ठाच्या उंचीचा नकाशा उघडा. रडार ढगांतून आरपार जातं. 1992 साली टोपेक्स-पोसायडन उपग्रह गेल्यापासून हे मोजमाप सलग चालू आहे आणि रोजचे नकाशे फुकट उतरवून घेता येतात. त्यात पाण्याचे उंचवटे आणि खळगे दिसतात, तेच भोवरे.

उंचीचा फरक किती? वीस-तीस सेंटिमीटर. ऐकून हसू येतं, पण हिशेब करून बघा. 30 अंश अक्षांशावर मध्यापासून कडेपर्यंतच्या 80 किलोमीटरमध्ये पाणी 20 सेंटिमीटर चढत असेल, तर उताराला गुरुत्वीय त्वरणानं गुणायचं आणि पृथ्वीच्या परिवलनाच्या गुणकानं, म्हणजे इथे 0.000073 नं, भागायचं. उत्तर सेकंदाला साधारण 34 सेंटिमीटर. या वेगानं 80 किलोमीटर त्रिज्येची एक फेरी पुरी व्हायला सतरा दिवस लागतात. आणि अख्खा भोवरा? तो सेकंदाला चार-पाच सेंटिमीटरनं हळूहळू पश्चिमेकडे सरकत असतो. फिरण्याचा वेग सरकण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असला, तर भोवरा पोटातलं पाणी आणि त्यातले जीव घेऊनच चालतो. कमी असला तर तो नुसती लाट, पाणी मागेच राहतं. ही तुलना जहाजावर चढण्याआधीच करून ठेवायची. नुसत्या लाटेच्या मागे इंधन जाळलेल्या सफरी मी पाहिल्या आहेत.

फिरण्याची दिशा विसरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: उत्तर गोलार्धात प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभे राहा, उंच पाणी उजव्या हाताला. दक्षिणेत डाव्या हाताला.

एक इशारा. रोजचा नकाशा म्हणजे रोजचा फोटो नव्हे. टोपेक्ससारखा उपग्रह दहा दिवसांनी त्याच रेषेवर परत येतो आणि विषुववृत्तावर त्याच्या दोन रेषांमध्ये तीनशेहून जास्त किलोमीटर अंतर असतं. अनेक उपग्रहांच्या रेषा जुळवून, मधली जागा गणितानं भरून तो नकाशा बनतो. डिसेंबर 2022 मध्ये गेलेला स्वॉट उपग्रह पट्ट्यापट्ट्यानं मोजतो, त्यामुळे बारीक भोवरेही दिसू लागले आहेत, पण तोही रोज एकाच जागेवर येत नाही. नकाशातला मध्य प्रत्यक्षात दहा-वीस किलोमीटर बाजूला निघाला तर नकाशाला शिव्या देऊ नका.

मग मागचे दोन-तीन महिने उलटे चाळा. भोवरा जन्मला कुठे? हे बघायला कंटाळा करतात लोक, आणि तिथेच फसतात. अलास्काच्या आखातात हैदा भोवरे किनाऱ्याजवळ जन्मतात आणि किनाऱ्याचे कोपेपॉड पोटात घेऊन शेकडो किलोमीटर आत जातात. गल्फ स्ट्रीमचं वळण तुटून थंड पाण्याचं कडं दक्षिणेला सारगासो समुद्रात शिरतं. आफ्रिकेच्या टोकाला अगुल्हास प्रवाहातून सुटलेली कडी हिंदी महासागराचं पाणी अटलांटिकमध्ये नेतात. जाळ्यात जे सापडेल त्यातलं निम्मं उत्तर जन्मगावात असतं.

थंड पोटाचा की गरम पोटाचा

शाळेच्या भूगोलात आवर्त आणि प्रत्यावर्त वारे शिकलात, तेच इथे पाण्यात. आवर्त भोवऱ्यात पृष्ठभाग दबलेला, पण खालचं थंड पाणी घुमटासारखं वर आलेलं. त्याबरोबर नायट्रेट उजेडात येतं, वनस्पतिप्लवक (तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतं, त्यावर प्राणिप्लवक. प्रत्यावर्त भोवऱ्यात उलट: पृष्ठभाग फुगलेला, गरम पाणी खोलवर दाबलेलं, आणि हिरवळ कमी.

एवढंच पाठ करून जहाजावर गेलात तर दहातले चार भोवरे तुम्हाला खोटं पाडतील. घुमट वर उचलला जातो तो भोवरा घडत किंवा जोर धरत असताना. तो मरायला लागला की घुमट बसू लागतो आणि पाणी खाली जातं. प्रत्यावर्ताचंही तसंच. त्यावरून वाहणारा वारा आणि खालचं फिरणारं पाणी यांच्या घर्षणामुळे मध्यभागी पाणी हळूहळू वर ओढलं जातं. सारगासो समुद्रात काही प्रत्यावर्त भोवऱ्यांच्या पोटात एकसारख्या तापमानाच्या पाण्याचं भिंग असतं. वरचा थर त्यामुळे उचललेला, खालचा दाबलेला. तिथे डायटमची (काचेसारख्या कवचाच्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकाची) मोठी भर सापडली होती, ज्या समुद्राला आपण ओसाड म्हणतो त्यात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला लूविन प्रवाहातून सुटणारे गरम भोवरे किनाऱ्याचं हिरवं पाणी आत नेतात, म्हणून तेही शेजारच्या थंड भोवऱ्यांपेक्षा हिरवे असतात.

तेव्हा लाल-निळ्या रंगावरून निकाल देऊ नका. सीटीडी (खोलीनुसार तापमान आणि खारटपणा मोजणारं यंत्र) खाली सोडा आणि तापमानाचे थर कुठे वर आलेत, कुठे खाली गेलेत ते बघा.

माझी चूक, आणि आडवा छेद कसा आखायचा

भोवरा 150 किलोमीटर रुंद. दर 25 किलोमीटरवर एक थांबा, असे सात. जहाजाचा वेग दहा नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. प्रत्येक थांब्यावर दोन तास. आम्ही भर दुपारी बारा वाजता पश्चिम कडेवर सुरुवात केली. मध्यावर पोहोचलो रात्री दहाला. पूर्व कडेवर सकाळी आठला. बरण्या ओळीनं लावल्या आणि काय ते दृश्य! दोन्ही टोकांना पाण्यात चार ठिपके, मधली बरणी गच्च. क्रिल (झुंडीनं राहणारे छोटे कवचधारी जीव), मोठे कोपेपॉड, लालसर कोळंबीसारखे जीव. मी मुख्य शास्त्रज्ञांना उठवून आणलं.

त्यांनी बरण्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि परत झोपायला गेले.

रात्र झाली की असंख्य प्राणिप्लवक शेकडो मीटर खोलीवरून वर येतं आणि पहाटे परत खाली जातं. शिवाय दिवसा क्रिलला जाळं दिसतं आणि ते बाजूला होतं. मी भोवऱ्याचा मध्य मोजलाच नव्हता. मी रात्र मोजली होती. सात थांब्यांच्या त्या छेदात अंतर आणि घड्याळ एकमेकांत असे गुंतले होते की नंतर कोणत्याही गणितानं ते सुटले नसते.

म्हणून आता मी असं सुचवते. थांबे कमी करा, पण प्रत्येक जागी एक दुपार आणि एक मध्यरात्र पकडा. मध्य, कड आणि बाहेर, तीनच जागा झाल्या तरी चालतील. तेवढा जहाजवेळ नसेल तर फक्त रात्रीचे नमुने घ्या आणि छेद दोन-तीन रात्रींत वाटून टाका. उजाडता-मावळतानाचा एकेक तास नमुना नकोच, तेव्हा अर्धे जीव वाटेत असतात.

मध्य खरोखर कुठे आहे ते जहाजाच्या बुडाला लावलेलं ध्वनी-प्रवाहमापक सांगतं. छेद कापताना जहाजाच्या मार्गाला आडवा असणारा प्रवाह एका बाजूला वाहत असतो, मध्याशी शून्य होतो, मग उलट बाजूला वाहू लागतो. त्या शून्यापाशी मार्गाच्या दिशेतला प्रवाहही शून्य असेल तर तुम्ही बरोबर मध्यावर. नसेल तर तुम्ही बाजूनं चाललात. शून्याच्या जागीच नव्वद अंशांत वळा आणि दुसरा छेद कापा, मध्य सापडतो.

त्याच यंत्राचा दुसरा उपयोग बरेच जण विसरतात. ते ध्वनी पाठवतं आणि पाण्यातल्या जीवांवरून आलेला प्रतिध्वनी ऐकतं. पडद्यावर संध्याकाळी एक जाड पट्टा खालून वर चढताना दिसतो, पहाटे उतरताना. दुसऱ्या महायुद्धात सोनारवाल्यांना हाच पट्टा समुद्राचा खोटा तळ वाटला होता. जाळं टाकण्याआधी पट्टा किती खोल आहे ते बघून घ्या, म्हणजे कोणत्या थरात ओढायचं ते कळतं.

जाळं

साधं काम असेल तर डब्ल्यूपी-2 जाळं पुरे: तोंड पाव चौरस मीटर, जाळी 200 मायक्रॉन. 200 मीटरवरून सरळ वर ओढलं की कागदावर 50 घनमीटर पाणी गाळलं जातं. कागदावर, असं मुद्दाम म्हणते. हिरव्या पाण्यात डायटमचा चिकट लेप जाळीची भोकं बुजवतो आणि पाणी आत न जाता तोंडावरून परततं. तोंडातला प्रवाहमापी 35 घनमीटर सांगत असेल तर 35 नंच भागायचं. भोवऱ्याच्या हिरव्या भागात जाळं जास्त बुजतं. मापी न वापरता सगळीकडे 50 धरलेत, तर नेमकं जिथे जीव जास्त तिथेच संख्या कमी दिसेल.

केबल तिरकी जाते. भोवऱ्याच्या कडेवर वरचं पाणी एकीकडे आणि जहाज वाऱ्यानं दुसरीकडे, त्यामुळे हमखास. 200 मीटर केबल सोडली आणि उभ्या रेषेपासून कोन 40 अंश असेल तर जाळं फक्त 153 मीटरवर आहे. कोन मोजा, किंवा जाळ्यालाच खोलीमापक बांधा.

थर वेगळे हवे असतील तर उघड-बंद होणारी अनेक जाळी असलेलं यंत्र घ्यावं लागतं. भोवऱ्यासाठी मी तेच घ्यायला सांगेन. तळापासून वरपर्यंत एकच ओढ घेतली की उभी रचना सगळी एका बाटलीत कालवली जाते.

वर आलेलं जाळं बाहेरूनच धुवा. आतून नळी मारलीत तर नळीच्या पाण्यातले जीव नमुन्यात मिसळतात. शेपटीची बाटली काढताना हात सावकाश. आत सॅल्प (पारदर्शक, जेलीसारखं प्राणिप्लवक) असतील तर काचेच्या लगद्यासारखं दिसेल. त्यांना वेगळं काढा, मोजा, नोंदवा आणि मगच बाकीचं बघा, नाहीतर आकारमानाचे सगळे आकडे त्यांच्याच नावे जातील. अर्धा नमुना फॉर्मेलीनमध्ये (बाजारच्या द्रावणाचा एक भाग, समुद्राच्या पाण्याचे नऊ), अर्धा अल्कोहोलमध्ये, जनुकीय कामासाठी. फॉर्मेलीन उघड्या डेकवर, हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून.

कड

माझं मन रमतं ते भोवऱ्याच्या मध्यात नाही, कडेवर. शांत सकाळी डेकवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते: फेसाची एक लांब रेघ, तिच्यात शेवाळाचे तुकडे, पिसं, कधी प्लास्टिक. रेघेच्या एका बाजूला पाणी गडद, दुसऱ्या बाजूला जरा दुधाळ. दोन्हीकडून पाणी इथे येऊन भिडतं आणि खाली बुडतं. तरंगणारं ते वरच राहतं.

आता सुरुवातीचा हिशेब परत काढा. जे जीव ठराविक खोली सोडायला तयार नसतात ते खाली जाणाऱ्या पाण्याविरुद्ध वर पोहत राहतात. पाणी बुडून जातं, जीव उरतात, मागून नवं पाणी नवे जीव घेऊन येतं. वाढ झालेली नसते, जन्म झालेले नसतात, नुसती गर्दी होते. पोहू न शकणारी अंडी त्याच पाण्याबरोबर खाली जातात. म्हणून कडेवरच्या नमुन्यात धडधाकट पोहणारे जास्त आणि अंडी कमी दिसली, तर ती गर्दी समजा. अंडी आणि पिल्लं भरपूर दिसली तर खाणं मिळून तिथेच वाढलेली वस्ती. कोपेपॉडच्या नॉप्लियसच्या (अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या) सहा आणि त्यानंतरच्या कोपेपोडाइटच्या सहा अवस्था असतात. कंटाळा न करता त्या वेगवेगळ्या मोजा, हा फरक दुसऱ्या कशानं कळत नाही.

रेघ काही मीटर रुंद असते. तिला आडवं कापत मैलभर जाळं ओढलंत तर गर्दी सरासरीत विरून जाते. रेघेच्या समांतर तीन छोट्या ओढी घ्या: एक तिच्यावर, एकेक दोन्ही बाजूंना.

वेळेचे दोन घोळ

पहिला: वनस्पतिप्लवक दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतं. कोपेपॉडला गरम पाण्यातही एका पिढीला दोन ते चार आठवडे लागतात, आणि उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला कॅलनस फिनमार्किकस वर्षाला एखादीच पिढी काढतो. आज हिरवा दिसणारा भोवरा आज कोपेपॉडनं भरलेला असेलच असं नाही, आणि कोपेपॉडनं भरलेला भोवरा एव्हाना खाऊन निळा झालेला असू शकतो. सॅल्प तेवढे अपवाद, ते कळ्या काढून काही दिवसांत माजतात. म्हणून रंगाचं चित्र आजचं नको, तीन-चार आठवड्यांपूर्वीचं काढा, आणि भोवऱ्याच्या तेव्हाच्या जागेवरचं.

दुसरा घोळ खोलीचा. समजा भोवरा 300 मीटरपर्यंतचं पाणी धरून सेकंदाला 4 सेंटिमीटरनं सरकतोय, आणि एखादं क्रिल दिवसाचे बारा तास 500 मीटरवर, जवळपास स्थिर पाण्यात काढतं. रोज भोवरा त्याच्यापुढे 1.7 किलोमीटर निघून जातो. महिन्याभरात 50 किलोमीटर. भोवऱ्याची त्रिज्या तेवढीच असेल तर ते क्रिल महिन्यात भोवऱ्याबाहेर. वरच राहणारे छोटे कोपेपॉड मात्र त्याच भोवऱ्यातून महिनोन्महिने प्रवास करतात. एकाच भोवऱ्यातले दोन सहप्रवासी, एकाचं तिकीट महिन्याचं आणि दुसऱ्याचं वर्षाचं. त्यामुळे जुन्या भोवऱ्यात रोज वर-खाली करणारे जीव मूळ गावचे आहेत की वाटेत चढलेले, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खोलीचा फायदाही घेता येतो. सोमालियाच्या किनाऱ्यावर प्रवाह मोसमाबरोबर दिशाच बदलतो. तिथला एक कोपेपॉड, कॅलनॉइडिस, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी थंड पाणी वर यायला लागलं की वर येऊन वाढतो, आणि उरलेला काळ खोल पाण्यात निपचित काढतो.

आणि जे वेळेत उतरत नाहीत त्यांचं काय होतं? 1970 च्या दशकात गल्फ स्ट्रीमच्या थंड कड्यांचा महिनोन्महिने पाठलाग झाला. त्यात नेमॅटोसेलिस मेगालॉप्स नावाचं थंड पाण्यातलं क्रिल अडकलेलं होतं. कडं जुनं होत गेलं, वरचं पाणी तापलं, तसं ते क्रिल आपल्या तापमानाच्या मागे खोल खोल गेलं. खाली खाणं कमी. अंगातली चरबी उतरली, जीव रोडावले, आणि अखेर कड्यातून ती जात नाहीशी झाली. म्हणून नुसती डोकी मोजू नका. पाच-दहा जीवांची लांबी आणि वजन घ्या, अंगातला तेलाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. संख्या तीच असताना जीव उपाशी असू शकतात.

परत येताना

भोवऱ्याबाहेरचे नमुने शेवटच्या दिवसावर ढकलू नका, वादळ त्याच दिवशी येतं. आणि बाहेर म्हणजे दोन्ही बाजूंना. भोवरा बहुधा दोन वेगळ्या पाण्यांच्या सीमेवर बसलेला असतो, एकाच बाजूचा नमुना घेतलात तर तुलना कशाशी केली तेच कळणार नाही.

चिठ्ठी बरणीच्या आत टाका, पेन्सिलीनं लिहिलेली. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. अक्षांश-रेखांश लिहाच, पण दहा दिवसांनी त्या जागी दुसरंच पाणी असतं. म्हणून त्याखाली हेही: मध्यापासून 42 किलोमीटर, कडेच्या आत, सूर्यास्तानंतर तीन तास, 120 ते 60 मीटर, मापी 35.